शेऱ्याचा रकाना

आमच्या चष्म्याच्या दुकानातला कॉम्प्युटर आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी सुरू झाला नाही. बटण दाबलं, आतला पंखा एकदा घरघरला आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं, तर घरघरलासुद्धा नाही. समोर पावस गावाहून आलेली एक आजी बसली होती. फुटक्या चष्म्याचे तुकडे तिने पदराच्या टोकाला बांधून आणले होते.

"माजा लंबर हाय ना तुमच्याकडं?" तिने विचारलं.

"आहे आजी," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण नंबर त्या बंद डब्यात होता.

मी तिचे डोळे नव्याने तपासले, काचा सांगितल्या, ती गेली. तेवढ्यापुरतं काम अडलं नाही. पण डोळे तपासणाऱ्याला आजच्या नंबराइतकाच मागचा नंबर लागतो. दोन वर्षांत तो किती सरकला, एकाच डोळ्याचा का सरकला, सत्तरीच्या माणसाला चष्म्याशिवाय जवळचं एकाएकी छान दिसायला लागलं तर आत मोतीबिंदू धरतोय का, हे जुन्या नंबराशेजारी नवा ठेवला की कळतं. शिवाय आमच्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईला असतात. तिकडे चष्मा तुटला की फोन येतो, "ताई, माझा नंबर पाठवा." काचा आणि फ्रेमा कुठेही मिळतात. लोक आमच्याकडे परत येतात, कारण त्यांचे नंबर आमच्याकडे आहेत.

हे दुकान बाबांनी राम आळीत सुरू केलं. मी पुण्याला दृष्टी तपासणीचं शिकून आले त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून मी इथेच आहे. बाबा आता ऐंशीला टेकलेत, पण दुपारी तास-दोन तास येऊन बसतात. पूर्वी नंबर कार्डांवर असत. मी शाळेत असताना बाबांनी कॉम्प्युटर घेतला आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या एका सरांनी त्यांना प्रोग्राम लिहून दिला. सर आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी महिनाभर सुट्टीत खपून काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत चालणारा तो प्रोग्राम बनवला, आणि तो तीस वर्षं एकदाही चुकला नाही. डबे बदलले, प्रोग्राम तोच. पावसाळ्यात काचांना बुरशी येऊ नये म्हणून आम्ही कपाटात बल्ब पेटता ठेवतो, तसा एक बल्ब त्या कॉम्प्युटरच्या मागेही असायचा.

दुरुस्तीवाल्यांनी डबा नेला. चार दिवसांनी ते परत आले. कुठल्याशा भंगारातून त्याच जातीचा एक बोर्ड त्यांना मिळाला होता. तो बसवून त्यांनी कॉम्प्युटर सुरू करून दिला आणि छत्री उघडता उघडता म्हणाले, "ताई, हा शेवटचा. पुढच्या वेळी मला फोन करू नका, माझ्याकडे उत्तर नाही."

मी त्याच संध्याकाळी ठरवलं. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात आणि निम्म्यांना चष्मे बदलायचे असतात. त्याच्या आत सगळे नंबर या डब्यातून बाहेर काढायचे.

बाहेर काढून ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न होता. चष्म्याच्या दुकानांसाठी क्लाउडवर चालणारे प्रोग्राम विकणाऱ्या कंपन्या वर्षभर फोन करत होत्या. आपली सगळी माहिती त्यांच्या कॉम्प्युटरवर राहते, आपण इंटरनेटवरून ती कुठूनही बघायची. ऐकायला सोपं होतं. पण मला आधी कोणीतरी त्या वाटेने गेलेलं माणूस बघायचं होतं.

पावसला आंब्याच्या रसाचा कारखाना चालवणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. स्कूटर काढून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चार वर्षांपूर्वी बागायतदारांची सगळी माहिती अशाच एका कंपनीकडे नेली होती: कोणाच्या कुठल्या बागेतला आंबा किती गोड भरतो, कुठे आत साक्याचा पांढरट, खराब गर निघतो, कोणती बाग लवकर तयार होते. दोन हंगाम उत्तम गेले. मग कंपनीने धंदा बंद केला.

"माहिती परत दिली ना त्यांनी?" मी विचारलं.

"दिली की." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पानंच्या पानं होती, सगळी छापल्यासारखी. "बघता येते. वाचता येते. पण शोधायची झाली तर बोट फिरवत बसायचं, आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये घालायची तर पहिल्यापासून टाइप करायची. मी विचारलंच नव्हतं हो, की परत देणार म्हणजे कशी देणार."

"मग आता पुन्हा जुन्या पद्धतीने?"

"छे. पुन्हा क्लाउडवरच गेलो, दुसऱ्या कंपनीकडे. फक्त यावेळी आधी विचारलं."

घरी येऊन मी प्रश्न लिहायला बसले. जायचं झालं तर आमची माहिती कोणत्या रूपात परत मिळेल? मिळेपर्यंत किती दिवस? वारा सुटला की आमच्याकडे वीज जाते, तिच्यामागोमाग इंटरनेट जातं. तेव्हा नंबर कसे दिसतील? रोज एक प्रत दुकानात ठेवता येईल का? तुमच्याकडे कोण कोण आमच्या गिऱ्हाइकांची नावं बघू शकतं? एका कंपनीने या प्रश्नांना रंगीत माहितीपत्रक पाठवून उत्तर दिलं. ती बाद झाली. दुसरीच्या प्रतिनिधी बाईंनी फोनवर एकेक प्रश्न घेतला, दोनदा "विचारून सांगते" म्हणाल्या आणि खरंच विचारून सांगितलं. मी त्यांना होकार दिला, पण अट घातली की सगळं तपासून होईपर्यंत जुना कॉम्प्युटर बंद करणार नाही.

मग सर. त्यांना सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटेना, आणि खरं म्हणजे त्यांच्याशिवाय जाताही येणार नव्हतं. त्या प्रोग्रामच्या पोटात काय कुठे आहे हे फक्त त्यांना माहीत. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत, भाट्याला राहतात. दुकानात आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या प्रोग्राममध्ये काही बिघाड आहे?"

"नाही सर. चालवणारं यंत्र राहिलं नाही."

"नव्या यंत्रावर जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम टाकता येतो. त्यात माझा चालेल. दोन दिवसांत करून देतो. कशाला दुसऱ्याच्या दारात जायचं?"

ते बरोबर होते. तसं करता आलं असतं, स्वस्तात झालं असतं, आणि मलाही त्या हिरव्या अक्षरांची सवय होती. तरी जे मनात होतं ते बोलले.

"सर, आणि तुमच्यानंतर?"

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. "तेही खरंच," म्हणाले, आणि उठले. चहा मागवला होता, तोही घेतला नाही. मला रडू येईल असं वाटलं, पण शब्द मागे घ्यावा असं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी सर वही घेऊन आले. त्यांनी घरी बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, सगळी माहिती कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येईल अशा साध्या रकान्यांत बाहेर काढणारा. "काढायची तर नीट काढू," एवढंच म्हणाले. त्या दुपारी तीन तास तो जुना डबा चालत राहिला आणि शेवटी पडद्यावर एक मोठी यादी आली. नाव, गाव, वय, उजवा डोळा, डावा डोळा. आणि अगदी टोकाला शेरा.

शेऱ्याचा रकाना मला माहीत होता. माणूस समोर बसला की त्याच्यापुरता तो मी वाचत असे. पण सगळ्यांचे शेरे एकाखाली एक मी कधीच पाहिले नव्हते. बाबांनी एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून ते लिहिले होते. 'डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे बसून बोलावे.' 'सून सोबत असते, तिच्यासमोर ऑपरेशनचा विषय नको, घाबरते.' 'मुलगा मुंबईस, तीन वर्षे आला नाही, विचारू नये.' 'रंग ओळखत नाही, बोटीवर कोणास ठाऊक नाही.' 'नवऱ्याने चष्मा फोडला, पडला असे सांगते.'

सर वाचता वाचता थांबले. "मी हा रकाना फक्त ग्राहक फ्रेम कोणती घेतो ते लिहायला ठेवला होता," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले तेव्हा मी त्यांना छापून काढलेली यादी दाखवली. त्यांनी दोन पानं पाहिली आणि यादी पालथी घालून ठेवली.

"हे जायचं नाही."

"बाबा, नंबर जाणार तर त्याच्याबरोबर..."

"नंबर ने. कुठे हवे तिथे ने. हे नाही. अगो, ही माणसं माझ्यासमोर अंधाऱ्या खोलीत बसून बोलल्येत. दार लावलेलं असायचं म्हणून बोलल्येत. ते मी त्या तुझ्या ढगात सोडून देऊ?"

"आणि पुसून टाकलं तर? ऐकू न येणाऱ्या माणसाशी मी चुकीच्या बाजूने बोलत बसेन."

"मी सांगेन की."

सरांना बोललेलं वाक्य वडिलांना बोलायला जीभ वळली नाही. पण त्यांनी ते ओळखलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं. एकेक वाच. मी सांगतो काय करायचं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसायला लागलो. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. बाबा पेशंटच्या उंच खुर्चीत, मी स्टुलावर, यादी मांडीवर. मी वाचायची. बाबा तीनपैकी एक सांगायचे: "जाऊ दे." "पूस." किंवा "त्याला विचार." जी माणसं वारली होती त्यांच्या नावाला बाबा नुसतं "गेला" म्हणत आणि जरा थांबत. बाहेर पाऊस असला की मोठ्याने वाचावं लागे. पहिल्या दिवशी जेमतेम दोन पानं झाली, कारण प्रत्येक नावामागे एक हकीकत होती आणि बाबा ती पूर्ण सांगितल्याशिवाय पुढे जात नव्हते. मी गणपतीपर्यंतचे दिवस मोजले आणि रोज किती पानं व्हायला हवीत ते भिंतीवर लिहून ठेवलं. बाबांनी ते पाहिलं आणि हकीकती आखूड झाल्या.

एका दुपारी मी पुढचं नाव वाचायला तोंड उघडलं आणि ते माझंच होतं. वय तेरा. शेरा: 'तक्ता पाठ करून आली. दुसरा तक्ता लावला.'

सातवीत मला फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा तर नको होता. चष्मेवाल्याची मुलगी म्हणून आधीच शाळेत चिडवत. मी दुकानात खेळायचं निमित्त करून तक्त्याच्या सगळ्या ओळी पाठ केल्या. तपासायच्या दिवशी खुर्चीत बसले आणि समोर वेगळीच अक्षरं. बाबा काही बोलले नव्हते. नवा तक्ता आलाय म्हणून लावला असेल, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

"तुम्हाला कळलं होतं?"

"तू आदल्या दिवशी जेवताना पुटपुटत होतीस." बाबा हसले. "जाऊ दे म्हणायचं की पूस?"

"जाऊ दे," मी म्हटलं.

ज्यांना विचारायचं होतं त्यांची वेगळी यादी झाली. फोनवर हे विचारता येत नाही, म्हणून जे कोणी दुकानात येतील त्यांना विचारायचं ठरलं. त्यात जयगडकडचे एक काका होते, आयुष्यभर बोटीवर काढलेले. शेरा होता: 'अक्षरे येत नाहीत. चित्रांचा तक्ता लावावा. बायकोस ठाऊक नाही.' श्रावणात ते काचा बदलायला आले. तपासणीच्या खोलीचं दार लावून मी त्यांना सगळं सांगितलं: कॉम्प्युटर बदलतोय, बाबांनी तुमच्याबद्दल असं लिहून ठेवलं आहे, ते नव्या ठिकाणी न्यायचं की नाही ते तुम्ही सांगा.

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "पुसा ता. नि तुमी पन इसरा."

"बरं," मी म्हणाले. मग विचारलं, "नुसतं 'चित्रांचा तक्ता' एवढं ठेवू? कशासाठी, ते नाही लिहीत. दुकानात दुसरं कोणी तपासायला बसलं तर तुम्हाला अक्षरांपुढे बसवेल म्हणून विचारते."

त्यांनी विचार केला. "ता चालंल."

ही गोष्ट मी दुपारी बाबांना सांगितली. त्यांनी मागची पानं परत मागितली. पुढचे तीन दिवस त्यांनी "जाऊ दे" म्हटलेले शेरेही पुन्हा ऐकले आणि स्वतः कापले. 'मुलगा मुंबईस, आला नाही' याचं 'घरच्यांबद्दल विचारू नये' झालं. नवऱ्याने चष्मा फोडल्याचं त्यांनी पूर्ण काढायला लावलं आणि त्या बाई कुठे असतात, बऱ्या आहेत का, हे मला दुसऱ्याच दिवशी चौकशी करायला पाठवलं. त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या. बऱ्या होत्या.

कंपनीच्या प्रोग्राममध्ये शेऱ्याला जागाच नव्हती. मी प्रतिनिधी बाईंना सांगितलं, हवी. त्या म्हणाल्या, आजवर कोणी मागितली नाही. मी म्हटलं, मी मागतेय, आणि ती उघडायला वेगळा पासवर्ड हवा. आठ दिवस फोनवर फोन केले. रकाना आला, पासवर्डसकट.

माहिती चढवली गेली तेव्हा गणपतीला तीन आठवडे होते. मी बाबांना आणि सरांना शेजारी बसवलं. जुन्या पडद्यावरून बाबा नंबर वाचायचे, नव्या पडद्यावरून सर. मनाला येतील ती नावं घ्यायची. चाळीसेक नावं बिनचूक गेली. मग बाबांनी एका शिक्षिकेचं नाव घेतलं.

"मायनस साडेतीन," बाबा म्हणाले.

"साडेतीन," सर म्हणाले.

"मायनस?"

सरांनी पडदा जवळ ओढला. "इथे प्लस आहे."

मायनस साडेतीनच्या माणसाला प्लस साडेतीनच्या काचा दिल्या तर तो दुकानाची पायरीही धड उतरणार नाही. आम्ही पुढची वीस नावं घेतली; सहा ठिकाणी चिन्ह उलटलं होतं. सर कपाळाला हात लावून बसले होते. मग एकदम म्हणाले, "माझंच आहे हे. पहिल्या काही वर्षांत तुमच्या त्या कळफलकावर वजाची कळ अडकायची. म्हणून मी चिन्हासाठी वेगळं घर केलं होतं, एक किंवा शून्य. नंतर पद्धत बदलली, पण जुन्या नोंदी तशाच राहिल्या. आणि बाहेर काढताना मी ते घर विसरलो."

मी लगेच फोन लावला. प्रतिनिधी बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मॅडम, आपण ठरल्या दिवशी सुरू करू या. जशा चुका दिसतील तशा नंतर दुरुस्त करू. सगळे तसंच करतात."

"नंतर नाही," मी म्हणाले. "एकही नंबर उलटा असेपर्यंत मी सुरू करणार नाही. सगळं पुसा. आम्ही पुन्हा काढून देतो."

"मग गणपतीच्या आत होईलच असं..."

"ते आम्ही बघतो. तुम्ही पुसा."

सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त केलेला प्रोग्राम आणला. माहिती पुन्हा काढली, पुन्हा चढवली. यावेळी मी जुन्या वर्षांतली प्रत्येक नोंद तपासायची ठरवली. दहा दिवस लागले. बाबांचा घसा बसला तेव्हा सर वाचायला लागले, सरांचे डोळे दुखले तेव्हा मी. उलटं चिन्ह कुठे सापडलं नाही, पण एकाच माणसाची तीन स्पेलिंगांनी झालेली तीन नावं खूप सापडली. ती एक केली. गणपतीला चार दिवस असताना आम्ही नवीन सुरू केलं.

ऐन गर्दीच्या दिवशी दुपारी इंटरनेट गेलं, ते संध्याकाळपर्यंत आलं नाही. सकाळी उतरवून ठेवलेल्या प्रतीवर काम चाललं. बाकावर बसलेल्या माणसांना काही कळलंसुद्धा नाही. ही कंपनी दहा वर्षांनी असेल की नाही ते मला सांगता येणार नाही. म्हणून मी एक ठरवून टाकलं आहे: दर आषाढात सगळी माहिती बाहेर काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून, उघडते की नाही ते बघायचं. सर म्हणाले आहेत, ते येतील.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, चाकरमानी परत गेले आणि दुकान जरा मोकळं झालं. त्या आठवड्यात जयगडच्या बंदरातल्या कँटीनमध्ये काम करणारी एक बाई पहिल्यांदाच आमच्याकडे आली. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाली. मी तपासलं, नंबर घातला. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होते.

"शेऱ्यात काय लिहू?" मी हळूच विचारलं.

"आत्ता तर आल्ये ती," बाबा म्हणाले. "अजून ओळख कुठे झाल्ये?"

मी रकाना रिकामा ठेवला आणि तिला फ्रेमा दाखवायला उठले.